वर देव कोणताय?

धाकटीचा फोन रविवारी रात्री यायचा. आमची जेवणं झालेली, आईनं अंथरूण झटकलेलं, आणि तिच्याकडे स्कॉटलंडात अजून दुपार कलायची असायची. पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं. "अक्का, मेले गं. पायांचे तुकडे झाले." हे सांगताना आवाज इतका खुशीत, की शेजारी बसलेली आई विचारायची, "काय झालं? बढती मिळाली का तिला?"

बढती वगैरे काही नसायचं. ती कुठला तरी डोंगर उतरून आलेली असायची. बुटांत पाणी, मोज्यांत चिखल, वाऱ्यानं गाल सोललेले. गाडी चालवत घर गाठायची, टबात गरम पाणी सोडून त्यात पाय बुडवायची आणि मग फोन लावायची. पाऊस कुठं लागला, धुकं कुठं उतरलं, कोणत्या खडकाच्या आडोशाला बसून धपाटे खाल्ले, सगळं सांगून टाकायची. धपाट्यांबरोबरची शेंगांची चटणी नांदेडची, वर्षाची एकदम नेलेली.

आईला हे प्रकरण उमजत नसे. एकदा तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"वर देव कोणताय?"

"वर देव नाही आई."

"मग काय हाय?"

"दगडांचा ढीग हाय. येणारा-जाणारा एकेक दगड ठेवतो त्याच्यावर."

"आन् त्याच्यासाठी एवढी मरमर करायलीस? कामून माय?"

पलीकडून नुसतं हसू ऐकू आलं. बराच वेळ.

आईचं विचारणं तिच्या जागी रास्त होतं. आमच्याकडे डोंगर म्हणजे माहूर. रेणुकामातेच्या पायऱ्या, दत्तशिखर, अनसूया. तिथं चढायचं ते नवस फेडायला, नाहीतर बोलायला. धाप लागली की देवीचं नाव घ्यायचं, वर पोचलं की दर्शन, आणि उतरताना हातात कुटलेल्या विड्याचा प्रसाद. चढण्याला कारण होतं आणि थकण्याला फळ होतं. विनाकारण कुणी चढत नसे. बायका तर नाहीच.

घरातही तसंच. वजिराबादेतल्या आमच्या जुन्या घरात नळाला पाणी पहाटे यायचं आणि आई त्याच्याही आधी उठलेली असायची. चैत्र लागला की माळवदावर कुरडया, पापड, शेवया. गव्हाच्या चिकाचं पातेलं चुलीवर घाटता घाटता तिचे दंड भरून यायचे. चीक घट्ट होत जातो तसा पळा जड होतो, आणि मधेच थांबलं तर गुठळ्या होतात, म्हणून थांबता यायचं नाही. दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसायची. डोळे मिटलेले, हात मांडीवर उताणे. आम्ही दोघी तिच्या त्या हातांकडे बघत राहायचो. एरवी ते हात एका जागी कधी दिसलेच नाहीत. वर्षभराचे डबे त्या थकव्यातून भरत. बाईनं थकायचं ते कुणाच्या तरी उपयोगाला, हे त्या घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यातच वाढले, शिक्षिका झाले, संसार केला, आणि संध्याकाळी भिंतीला पाठ लावून बसायला लागले.

धाकटीही त्याच घरातली. फरक एवढाच की तिला लहानपणापासून नदीचं वेड. उन्हाळ्यात आमचे चुलतभाऊ पाठीला सुके भोपळे बांधून गोवर्धन घाटावर पोहायला शिकत. तिला ओट्यावर बसून त्यांचे कपडे सांभाळायचं काम असे. मुलीनं नदीत उतरायचं ते पर्वणीच्या स्नानाला, आईचा हात धरून, गुडघाभर पाण्यात. एकदा तिनं भोपळा मागितला. भाऊ हसले, काकांनी डोळे वटारले, विषय संपला. तिनं परत मागितला नाही, पण विसरलीही नाही.

नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झालं. सुरुवातीच्या एका तुकडीत तिला प्रवेश मिळाला, पुढं अंबाजोगाईला तिनं भूलशास्त्रात एम.डी. केलं. लग्न लातूरच्या मुलाशी झालं, तो इंजिनिअर. मग प्लॅबची परीक्षा, ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत नोकरी, आणि दोन-तीन गावं बदलून शेवटी एडिंबरा. पहिली काही वर्षं तिचाही थकवा आईच्याच जातीचा होता. रात्रपाळ्या, परीक्षा, लहान मूल, आणि परक्या मुलखात कामात कुठं उणे पडलो तर, ही सततची धास्ती. त्या काळातले फोन लहान असत. "झोप येऊ लालीय अक्का, उद्या बोलते."

बदल कुठून सुरू झाला ते मला नीट माहीत आहे, कारण तिनं ते पुष्कळदा सांगितलं. डिसेंबरात एडिंबऱ्याला दुपारी पावणेचारच्या आत सूर्य मावळतो. सकाळी कामाला जाताना अंधार, परत येताना अंधार. अशाच एका अंधाऱ्या संध्याकाळी तिला शाळेच्या इमारतीत दिवे दिसले. आत मोठी माणसं. तिकडं शाळा सुटल्यावर त्याच वर्गांत प्रौढांसाठी शिकवण्या चालतात. कुणी इटालियन शिकतंय, कुणी सुतारकाम, कुणी कुंभाराचं चाक फिरवतंय. तिथं सत्तरीची एक बाई कोपरापर्यंत चिखलात हात घालून बसलेली तिनं पाहिली. पुढच्या आठवड्यात ही तिच्या शेजारच्या चाकावर.

त्यानंतर काय काय झालं त्याची मोजदाद मला ठेवता आली नाही. मातीचं झालं, मग विणकाम. शेटलंड आणि ऑर्कनी या बेटसमूहांच्या मधे फेअर आयल नावाचं एक इवलं बेट आहे, जेमतेम पन्नास-साठ माणसांचं. तिथल्या बायकांच्या विणकामाची एक पद्धत जगभर गेली. कितीही रंगांचा स्वेटर असला तरी एका ओळीत दोनच रंग विणायचे, आणि जो रंग त्या क्षणी नको असेल तो धागा पाठीमागून सैल सोडत न्यायचा. ओढला तर कापड चुणतं, फार सैल सोडला तर बोट अडकतं. धाकटीनं हे शिकायला एक हिवाळा घेतला आणि उन्हाळ्यात थेट त्या बेटावर गेली. 'गुड शेफर्ड' नावाची छोटी बोट, एका फेरीत बाराच प्रवासी, आणि उत्तरेकडचा खवळलेला समुद्र. अडीच तास ती ओकत होती. पोचल्यावर गवतावर आडवी पडली आणि तिथूनच मला फोन. "अक्का, पोटात काही राहिलं नाही. पण काय जागा आहे गं!" त्या पद्धतीनं विणलेला स्वेटर आईला आला. निळा आणि पांढरा. आमच्याकडे थंडी ती केवढी, पौषातल्या चार पहाटा. आई तेवढ्या चारही पहाटांना तो नेसूच्या पातळावर घालून अंगणात बसायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "धाकटीनं केलाय. डॉक्टर हाय ती, पण केलाय."

मग नाच. तिकडं केली नावाचे सामुदायिक नाच असतात. ओळखीचे, अनोळखी, म्हातारे, पोरं, सगळे दोन रांगांत उभे राहतात, आणि व्हायोलिन-अकॉर्डियनच्या तालावर एकमेकांचे दंड धरून गरगर फिरत रांगेच्या टोकापर्यंत जातात. आपल्या पंचमीच्या फेरासारखं, फक्त त्यात पुरुषही. मग भाजीचा वाफा. गावानं अल्प भाड्यानं दिलेल्या जमिनीच्या तुकड्यात तिनं मेथी लावली, अंबाडी लावून पाहिली. मेथी आली, अंबाडीनं मान टाकली. पुष्कळ गोष्टी तिनं धरल्या आणि सोडल्या. मातीकाम सुटलं, इटालियन सुटलं. भावजींना त्याचं वाटायचं; एक काही नीट पूर्ण कर, असं ते म्हणत. मला तिचं सोडणंही पटायचं. पोटापाण्याचं जे होतं ते तिनं एकही दिवस अर्धवट केलं नाही. हौसेच्या गोष्टीलाही निकाल लावायची सक्ती करायची, तर मग ती हौस कसली?

पण दोन गोष्टी तिनं सोडल्या नाहीत. डोंगर आणि पाणी.

एडिंबऱ्यात १९७० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांसाठी बांधलेला मोठा तलाव आहे, पन्नास मीटरचा, आता सर्वांसाठी खुला. तिथं चाळिशीच्या उंबरठ्यावर ती पोहायला शिकली. शेजारच्या पट्ट्यात सहा वर्षांची पोरं सूर मारत होती आणि ही काठ धरून उभी. ज्या दिवशी काठ सुटला त्या दिवशी रविवार नव्हता, तरी फोन आला. बोलली फारसं नाही. "अक्का, भोपळ्याशिवाय," एवढंच म्हणाली, आणि मला गोवर्धन घाटाची पायरी न् पायरी दिसली. पुढं ती पोर्टोबेलोच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरायला लागली, तेही हिवाळ्यात. पाणी पाच-सहा अंशांवर. डोक्याला लोकरीची टोपी, हातात मोजे, पाच-सात बायकांचं टोळकं. पाण्यात उतरताना श्वास अडकतो, तो सावकाश सोडत मोजायचा. बाहेर आल्यावर खरी थंडी वाजते, दात वाजायला लागतात, आणि कपबशी हातात ठरत नाही. हे सगळं ती अशा चवीनं सांगायची की ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा आणि जावंसंही वाटायचं.

डोंगरांचं तर वेडच. स्कॉटलंडात तीन हजार फुटांवरच्या शिखरांना मनरो म्हणतात. सर ह्यू मनरो या गृहस्थांनी १८९१ साली त्यांची यादी छापली. आजच्या यादीत २८२ शिखरं आहेत. ती एकेक करून चढत जायची आणि नावापुढं खूण करायची, हा तिकडच्या हजारो माणसांचा आयुष्यभराचा उद्योग. उंचीचं म्हणाल तर ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस १३४५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६. पण तिथं चढण पुष्कळदा समुद्रसपाटीच्या जवळूनच सुरू होते, आणि पाऊस, गारा, ऊन, धुकं एकाच दुपारी भेटतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, म्हणून पाळी संपवून संध्याकाळीसुद्धा ती निघायची. "दिवसभर माणसांना झोपवते मी," ती म्हणायची, "संध्याकाळी मला जागं व्हायचं असतं."

या सगळ्याच्या मागे एक पुस्तक होतं. मीना प्रभूंचं 'माझं लंडन' तिनं नांदेडात असतानाच वाचलं होतं आणि बॅगेत घालून नेलं होतं. मीनाताईही डॉक्टर, त्याही भूलतज्ज्ञ, लग्न करून लंडनला गेलेल्या. पुढं त्या दक्षिण अमेरिका, मेक्सिको, चीन, इराण, इजिप्त, तुर्कस्तान असं फिरत राहिल्या आणि प्रत्येक फिरण्याचं जाडजूड पुस्तक मराठीला देत राहिल्या. माझ्या बहिणीला त्यांच्यातलं काय आवडायचं, तर त्यांच्या पुस्तकांतली बाई दमते. चुकामूक होते, सामान ओढावं लागतं, पाय भरून येतात, आणि सकाळी ती परत निघते. २०२५ च्या १ मार्चला मीनाताई पुण्यात गेल्या. ८५ वर्षांच्या होत्या. सकाळी पेपरात बातमी वाचली आणि सवयीनं मनात आलं, धाकटीला कळवायला हवं. ती जाऊन तेव्हा अडीच वर्षं होत आली होती.

परदेशी गेलेल्या मराठी बाईचा विचार करायला लागले की मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली बोटीवर चढल्या, ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या, बावीसही पूर्ण झाली नव्हती. थंडी, अपुरं अन्न, अभ्यास, आणि साऱ्या देशाच्या अपेक्षा त्या एका मुलीच्या खांद्यावर. तिला तिथं एखादी टेकडी उगाच चढून यावी, असं वाटलं असेल का? वाटलं असलं तरी परवडणारं नव्हतं. माझ्या बहिणीला ते परवडलं, यामागे आनंदीबाईंचं थकणं आहे, असं मी मानते, आणि हे मी तिला बोलूनही दाखवलं होतं. ती गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणून तर जास्त फिरायला पाहिजे."

तिच्या आनंदाला एकदाच टोचणी लागलेली मी पाहिली. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मिरजेहून निघालेली पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे पोचली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तिच्या सासरी टँकरच्या रांगेत रात्री घागरी ठेवून माणसं जागत होती. आणि ती ज्या देशात राहत होती तिथलं एकटं लॉख नेस असं, की इंग्लंड-वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी त्याच्याएवढं भरत नाही. त्या आठवड्यात ती अशाच कुठल्या तळ्यात पोहून आली होती आणि पाण्यातून बाहेर येताना सासूबाईंचा फोन वाजला होता. पुढं कित्येक रविवार तिनं पोहण्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती सुटी घेऊन आली ती लग्नकार्याला नव्हे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत लातूर जिल्ह्यातली गावं उतरली होती. औशाकडच्या एका गावात तिची नणंद राहते. पहाटे पाचला गावकऱ्यांबरोबर माळावर जायचं, उताराला आडवे सलग समतल चर खणायचे, ऊन तापायच्या आत परत. मीही दोन-चार दिवस गेले. कुदळ मारायचं काम तिनं मागून घेतलं. मुरमाची जमीन, कुदळ टणकन वर उसळायची. दुसऱ्या दिवशी तळहातांना फोड, तिसऱ्या दिवशी ते फुटले. नणंदेनं हळद-तेल लावून चिंधी बांधली आणि ही पुन्हा माळावर. मी टोपली उचलत होते. नऊच्या सुमारास चराच्या कडेला सगळ्या बायका बसल्या. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. कुणीतरी गाणं म्हटलं, कुणी कुणाच्या खांद्यावर डोकं टेकवलं. एक म्हातारी धाकटीचे हात उलटेपालटे करून बघत म्हणाली, "डाक्टरीणबाई, शोभत नाहीत तुला हे." तर ही म्हणते, "उलट आज पहिल्यांदा शोभायलेत."

डोंगरावरून आल्यावर फोनवर जो आवाज यायचा तो मी त्या दिवशी समोरासमोर ऐकला. पण परतताना ती एकदम गंभीर झाली. त्या बायकांना घरी गेल्यावर चूल होती, शेळ्या होत्या, पाण्याची पुढची खेप होती. "माझं थकणं इथंच संपलं अक्का," ती म्हणाली. "त्यांचं आत्ता सुरू होईल." जुलैत पहिला मोठा पाऊस झाल्यावर गावाकडून चर भरल्याचे फोटो आले, ते तिनं स्वयंपाकघरात लावले. त्यानंतर ती पुन्हा पोहायला लागली.

करोनाचं २०२० साल तिनं अतिदक्षता विभागात काम करत काढलं. श्वासनळीत नळी घालण्याचं काम भूलतज्ज्ञांचं, म्हणजे रोग्याच्या तोंडाशी सर्वांत जवळ तीच. त्याबद्दल ती फारसं बोलली नाही आणि मीही खणून विचारलं नाही.

पुढच्या वर्षी डोंगर सुरू झाले. फोन सुरू झाले. "अक्का, मेले गं." आम्ही हसलो. २०२२ च्या वसंतात ती म्हणाली, अर्ध्या वाटेतून परतले, धापच लागली. वय झालं, म्हणाली. नडग्यांवर काळेनिळे डाग होते. ते तर कायमच असायचे, खडकांवर आपटून. ज्या बाईचं दमणं हीच तिची खुशाली होती, तिच्या दमण्याची काळजी कोण करणार? तिच्याबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांनाही शंका आली नाही. मग एके दिवशी हिरड्यांतून रक्त थांबेना. रक्त तपासलं. रक्ताचाच कर्करोग, आणि वेगानं पसरणारा.

मी शाळेतून रजा काढली. हैदराबादहून लंडन, तिथून रेल्वेनं एडिंबरा. ऑगस्ट संपत आला होता. तिचे केस गेले होते. हात तेच, फोडांच्या जुन्या खुणांसह, मांडीवर उताणे ठेवलेले. आईचे आठवले आणि मी नजर फिरवली.

तिथं मला करण्यासारखं काही नव्हतं. वरण-भात ती दोन घास खायची. चौथ्या-पाचव्या दिवशी म्हणाली, "माझ्याजवळ बसून काय करायलीस? आज तू जा. आर्थर्स सीटवर जाऊन ये. आल्यावर सांग." शहराच्या ऐन मध्यात ती टेकडी आहे, २५१ मीटर उंच, विझलेल्या ज्वालामुखीची. मी साडीवर तिचे बूट घातले, तिचंच जाकीट घातलं आणि निघाले. वाट सोपी म्हणतात. मला सोपी गेली नाही. दोनदा बसले, एका अनोळखी मुलानं हात देऊन वर घेतलं. माथ्यावरचा काळा खडक हजारो पावलांनी गुळगुळीत झालेला. पलीकडे समुद्राची पट्टी, खाली सगळं शहर. वारा असा की डोळ्यांतून पाणी. वर देव नव्हता.

परत आले तेव्हा संध्याकाळ होत होती. तिच्या उशाशी बसून सांगायला लागले. ती डोळे मिटून ऐकत होती. मधेच विचारायची, "धाप कुठं लागली? कमानीसारखं वळण आहे त्याच्या आधी की नंतर?" "वारा कोणत्या बाजूचा होता?" "दगडाला हात लावलास?" लावला होता. "तो चौतीस कोटी वर्षांचा आहे अक्का. आपला दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटींचा. आपला धाकटा." मग तिनं विचारलं, "पाय दुखतात?" मी म्हटलं, "मेले गं." तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि तो हसण्याचा आवाज आला, फोनवर यायचा तोच, फक्त क्षीण.

पुढं ती मला रोज कुठंतरी पाठवत राहिली. पोर्टोबेलोला तिच्या टोळक्यातल्या बायकांनी माझा हात धरून मला गुडघाभर पाण्यात नेलं. तिच्या वाफ्यातली मेथी मी खुडून आणली. ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ बालमोरलला गेल्या आणि त्यांची शवपेटी एडिंबऱ्यात आणली गेली, तेव्हा रस्ते माणसांनी तुडुंब भरले. आम्ही त्या गर्दीपासून चार रस्ते अलीकडे होतो आणि मी तिला पोर्टोबेलोच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगत होते. सप्टेंबरअखेर मला परतावं लागलं. त्या वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधे ती गेली. एक्कावन्न वर्षांची होती.

अस्थींचा काही भाग भावजी नांदेडला घेऊन आले. गोवर्धन घाटावर आम्ही गेलो. आई पायऱ्यांवर बसून होती, अंगात तो निळा-पांढरा स्वेटर, ऑक्टोबरच्या उकाड्यात. आम्ही कुणी काढ म्हटलं नाही.

भेटायला येणारी माणसं भली होती. सगळी एकच सांत्वन करायची. तिनं किती पाहिलं, किती केलं, पुरेपूर जगली, चार जन्मांचं जगून गेली. मीनाताईंवरच्या लेखांतही तेच वाचलं, आणि ८५ वर्षं जगलेल्या, इतकी पुस्तकं लिहिलेल्या बाईबद्दल ते खरंही असेल. माझ्या बहिणीबद्दल मला ते मान्य नाही. ज्याला जेवणाची गोडी नाही तो अर्ध्या ताटावरून उठला तर एक वेळ चालेल. तिला भूक होती. हौस असलेलं माणूस गेलं की जास्त जातं, कारण त्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. ह्यू मनरो १९१९ साली गेले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या यादीतली शिखरं चढायची राहिली होती, हे तिनंच मला सांगितलं होतं, आणि सांगताना तिला त्याचं वाईट वाटलं होतं.

तिची एक वही माझ्याकडे आहे. भावजींनी दिली. मागच्या पानांवर करायच्या गोष्टींची यादी, वेगवेगळ्या शाईत, वर्षानुवर्षं वाढत गेलेली. त्यात मनरो आहेत, सेंट किल्डा बेट आहे, चेलो शिकणे आहे. आणि मधेमधे आपलीही नावं. कंधारचा किल्ला आणि जगत्तुंग समुद्र नीट पाहणे, शाळेच्या सहलीत पाहिला तसा घाईनं नाही. सहस्रकुंडाचा धबधबा भर पावसात. आईला घेऊन माहूर, पण चालत. आईकडून येसर शिकणे. विष्णुपुरीच्या वरच्या अंगाला, पाणी स्वच्छ असेल तिथं, गोदावरीत पोहणे.

केलेल्या गोष्टीपुढं ती बरोबरची खूण करायची. निम्म्याहून जास्त ओळींपुढं खूण नाही. ती पुरेपूर जगली असं कुणी म्हणालं, की मी ती वही उघडून त्यांच्यापुढं ठेवते.